ताईच्या पाठीचे दोन फोटो

ताई, तुला जाऊन अजून पंधरवडासुद्धा झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. दुसरं काही जमत नाही. भेटायला येणारे येतात, जयभीम घालतात, चटईवर बसतात आणि थोड्या वेळानं कोणीतरी हळूच म्हणतंच, "नंदाबाई, तुम्ही तर फोटोच्याच डॉक्टर. तुम्हाले आधी नाही दिसलं काय?" मी पाणी आणायला उठते. स्वयंपाकघरात उभी राहते आणि मनातल्या मनात त्यांना नाही, तुला उत्तर देते. दिसलं होतं, ताई. दोन्ही वेळा दिसलं होतं. तुझ्या पाठीचे ते दोन फोटो मी डोळे मिटूनही काढून दाखवू शकते.

लहानपणापासून आपलं हेच चाललं. तुझा हात आणि माझे डोळे. दारव्ह्याच्या बाजाराच्या दिवशी आई भाजी घ्यायला पाठवायची आणि तू पिशवी माझ्या गळ्यात अडकवून बैलबाजाराकडे पळायचीस. बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचीस, खुरं उचलून बघायचीस, आणि बाबांच्या शाळेतले गुरुजी भेटले की ते म्हणायचे, "ही पोट्टी दलाल होते का काय?" तू ढोरांची डॉक्टर झालीस. नागपूरहून शिकून आलीस आणि झरी जामणी मागून घेतलीस, जिथून बाकीचे बदलीसाठी धडपडत होते. तीन वर्षांनी मी एमबीबीएसला लागले, पुढे क्ष-किरण आणि एमआरआयचं शिकले. पहिल्यांदा मी तुला सोनोग्राफीचं यंत्र दाखवलं, तेव्हा तू पडद्याकडे बघून हसलीस. "तुले एवढं मोठं यंत्र लागते. मले कोपरापर्यंत हात पुरतो. गाभण आहे का, किती महिन्याची आहे, वासरू जिवंत आहे का, सगळं सांगतो माह्या हात."

"हातानं कॅन्सर दिसत नाही, ताई."

"फोटोत तरी कुठं दिसते? तुम्ही लोक शेवटी खाली लिहूनच ठेवता, की नक्की सांगता येत नाही म्हणून."

तेव्हा मी चिडले होते. तू खरं बोलत होतीस म्हणून जास्त चिडले होते.

पहिल्या वेळेला कापसाची वेचणी चालू होती. तुझी कंबर आधीपासूनच दुखत होती, पण सगळ्यांनी दोष जीपला दिला. झरीच्या रस्त्यांवर कोणाची कंबर दुखत नाही? तू वाळत चाललीस, तेही कामावर गेलं. संध्याकाळी अंग गरम व्हायचं, पहाटे उशी भिजलेली असायची, हे तू कोणाला सांगितलंच नाहीस. शेवटी खुर्चीतून उठताना भाऊजींचा हात धरावा लागला, तेव्हा ते तुला वणीच्या हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्यांनी चंद्रपूरला एमआरआय करायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी भाऊजींचा फोन आला. आश्रमशाळेत मुलांवर ओरडून ओरडून बसलेला त्यांचा आवाज त्या दिवशी एकदम बारीक झाला होता.

"नंदा, रिपोर्टमध्ये कॅन्सर लिहिला आहे."

"पूर्ण वाचा, भाऊजी."

त्यांनी वाचलं. लिहिलं होतं ते असं, की मणक्यांत बदल आहेत, ते कुठून तरी पसरलेल्या कॅन्सरचे असू शकतात किंवा जंतुसंसर्गाचे असू शकतात, रुग्णाची बाकी तपासणी करून ठरवावं. लिहिणाऱ्यानं चूक केली नव्हती. मीही असंच लिहिते. पण घरातल्या माणसाला असल्या वाक्यातला एकच शब्द दिसतो, आणि तो दिसला की पुढचं "किंवा" दिसत नाही.

फोटोंची सीडी घेऊन तू यवतमाळला येईपर्यंत जे दिवस गेले, त्यात तू काय केलंस ते मला नंतर भाऊजींनी सांगितलं. सकाळी नेहमीसारखी कामावर गेलीस. आणि संध्याकाळी चुलीपुढे पाट टाकून भाऊजींना ज्वारीची भाकर थापायला शिकवलीस. "पाणी कमी घाला. तळव्यानं नाही, बोटानं वाढवा. उद्या मी नसली तर काय बिस्किटं खासान?" भाऊजी सांगत होते, पहिली भाकर तव्यावर टाकताना तिचे तुकडे झाले आणि आम्ही दोघंही हसलो, मग तुझी ताई उठून बाहेर गेली आणि लवकर आत आली नाही.

माझ्या खोलीत मी तुझा फोटो उघडला, तेव्हा तू माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली होतीस. बसता येत नव्हतं, तरी बसलीस. मी तुला बाहेर थांब म्हटलं तर म्हणालीस, "मी ढोराच्या मालकाले बाहेर नाही काढत."

म्हणून मी तुला दाखवत गेले. हे मणके, एकावर एक ठेवलेले. प्रत्येक दोघांच्या मध्ये ही मऊ गादी, चकती. कॅन्सर रक्तातून येतो आणि हाडाच्या आत, मगजात जाऊन बसतो. हाड खातो, हाड मोडतो, पण चकतीला बहुतेक वेळा हात लावत नाही, कारण चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. जंतूंचं उलटं. ते हाडाच्या कडेला सुरुवात करतात, तिथून चकतीत घुसतात, ती कुरतडतात आणि पलीकडच्या मणक्यावर जातात. म्हणून मी आधी चकती बघते. नेहमी नाही, पण पुष्कळदा तीच सांगते.

"मग माह्यी काय सांगते?"

तुझी कंबरेची चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती सुजलेली होती. तिच्या दोन्ही बाजूंची हाडं कडेला खरबरीत झाली होती, उंदरानं पोत्याची कड कुरतडावी तशी. बाकीचे सगळे मणके स्वच्छ.

"ताई, हा कॅन्सर वाटत नाही मला."

तू माझ्या टेबलावरच्या पेनाचं टोपण काढलंस आणि परत लावलंस.

"टीबी असेल," मी म्हणाले. आपल्याकडे मणक्याला जंतू म्हटलं की पहिला तोच आठवतो. "पण टीबीनं इतक्या दिवसांत हाड ढासळलं असतं, बाजूला पू साठला असता. इथं हाड उभं आहे. फक्त पुढची कड खाल्ली आहे. मला नीट बसवता येत नाही हे."

"पुढची कड?" तू एकदम पुढे वाकलीस आणि कळ आली तशी मागे झालीस. "ताप येतो-जातो. घाम येते. सांधे दुखते." तू माझ्याशी बोलत नव्हतीस, बोटं मोजत होतीस. मग माझ्याकडे वळलीस. "नंदे, माह्यं रक्त घे. पण माणसाचं म्हणून नोको तपासू."

मला काही कळेना. तेव्हा तू तुळसाच्या गाईंचं सांगितलंस. मुकुटबनच्या पलीकडे पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, राहणारी बाई, तिच्याकडच्या गाई एकामागून एक गाभ टाकत होत्या. वासरानंतरची वार आत अडकली की तुला बोलावणं यायचं. एकदा मोजे फाटके होते, एकदा संपले होते, आणि गाय मरायला टेकली होती. तू उघडा हात घातलास. दोन दिवसांनी परत घातलास. ढोरांना गाभ टाकायला लावणारा तो जंतू माणसाच्या अंगात शिरला की ताप आणतो आणि मणक्यात जाऊन बसू शकतो. ब्रुसेला. मी तो पुस्तकात परीक्षेपुरता वाचला होता. तू त्याला ओळखत होतीस.

रक्ताचा निकाल आला. तोच होता. तरी सर्जननं सुई मागितली, कारण रक्तात एक आणि हाडात दुसरंच, असंही होऊ शकतं. सीटीमध्ये बघत ती सुई मीच घातली. हाडाचा तुकडा तपासून आला. कॅन्सरची एकही पेशी नाही. तू सगळ्यांना सांगत सुटलीस, "आमच्या नंदीचा हात कापत होता सुई मारतांनी. गाईले इंजेक्शन देतांनी माह्या कधी नाही कापला."

गोळ्या, इंजेक्शनं, कमरेला पट्टा. पावसाळ्यात तू परत जीपमध्ये बसलीस. पहिल्या आठवड्यात कुठं गेलीस? तुळसाकडे. मलाही ओढत नेलंस. पोडावर दहा-बारा घरं, मागे सागाचं रान. तुळसा दारात उभी होती, आपल्या वयाची, कपाळावर गोंदण. तुला बघून तिनं तोंडाला पदर लावला. "बाई, माह्या गायीनं तुले पाडलं म्हणते."

"गायीनं नाही वं, माह्या फाटक्या मोज्यानं. दूध उकळून पेतं का?"

"धारोष्णच पेतो आम्ही तं. त्यानंच ताकद येते."

"मग माह्यी ताकद पाय." आणि तू पाठीवरचा पदर बाजूला सारून तिला पट्टा दाखवलास. "महिनोन्महिने पडून होती. उकळल्याशिवाय कोणाच्याच पोटात जाऊ नोको देऊ." तुळसानं पट्ट्याला बोट लावून पाहिलं. नंतर तू तिच्या कालवडींना लस दिलीस, मी सिरिंज भरून देत होते, आणि तिनं आमच्यासमोर चूल पेटवून दूध उकळवलं. तो चहा मला अजून आठवतो, धुराचा वास होता त्याला.

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं ते थांबलंच नाही. शोधलं कोणी? मी म्हणायची, चकती मी पाहिली. तू म्हणायचीस, चकती तू पाहिली आणि टीबी म्हणून मोकळी झालीस, जंतू मी ओळखला. प्रत्येक लग्नात, प्रत्येक नामकरणात, जेवणाच्या पंगतीत. भाऊजी म्हणायचे, अर्धं अर्धं घ्या. ते आपल्या दोघींनाही मान्य नव्हतं.

खरं सांगू? तू ओळखलंस. मी ते तुझ्या तोंडावर कधी कबूल केलं नाही, कारण केलं असतं तर तू तो विषय सोडून दिला असतास. आणि मला तो संपायला नको होता.

मधली वर्षं चांगली गेली, म्हणून त्यांचं फार काही आठवत नाही. दुसऱ्या वेळची आठवण येते तेव्हा मात्र मला बसवत नाही. आताही मी लिहिता लिहिता दोनदा उठले.

दुसऱ्या वेळी दुखणं वर होतं, खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये. तू मला सांगितलंच नाहीस. वणीच्या औषधाच्या दुकानातून त्याच जुन्या गोळ्या आणल्यास आणि सुरू केल्यास. मला कळलं तेही भाऊजींकडून, सहज बोलता बोलता.

"काहून सांगतलं नाही?" मी फोनवर ओरडले. चिडले की माझीही दारव्ह्याची भाषा वर येते.

"तोच पाहुणा परत आला आहे. त्याले काय घालून बाहेर काढायचं, मले माहीत आहे."

"फोटो काढू."

"कायले? तुले माह्या फोटो काढायचा नादच लागला आहे."

रविवारी मी पांढरकवड्यावरून झरीला आले. तू अंगणात बकरीच्या पायाला पट्टी बांधत होतीस. मी तुझ्या मागे बसले आणि पाठीवर हात ठेवला. मानेपासून एक एक मणका बोटानं दाबत खाली आले. एका जागी तू श्वास आत ओढलास आणि बकरीचा पाय तुझ्या हातातून सुटला.

"आता तूही हातानं पाहून राह्यली काय?" तू म्हणालीस, मागे न बघता.

"उद्या यवतमाळला चल."

"लसीकरण संपू दे."

"उद्या."

तू आलीस. पण उद्या नाही. लसीकरण संपवूनच आलीस.

तुला यंत्रात सरकवलं तेव्हा मी तुझ्या कानात कापसाचे बोळे घातले, वरून आवाज अडवणारे हेडफोन बसवले. तू हात हलवलास. मी काचेच्या अलीकडे येऊन स्वातीच्या मागे उभी राहिले. स्वाती आमची तंत्रज्ञ, माझ्याबरोबर किती वर्षं काम करते, तिला तू माहीत होतीस. यंत्र ठोके देऊ लागलं. पहिली चित्रं आली.

ताई, आयुष्यात मी पहिल्यांदा देवापुढे नवस बोलावा तशी कुरतडलेल्या चकतीची वाट बघत होते. बाबांनी आपल्याला नवस शिकवला नाही, तरी. एक चकती सुजलेली दिसू दे. एक कड खाल्लेली दिसू दे. पडद्यावर मणके एकाखाली एक येत गेले. मधल्या चकत्या सगळ्या नीट, जागच्या जागी, शाळेत शिकवायला ठेवाव्यात इतक्या नीट. आणि मणके काळवंडलेले. एक इथं, मधले दोन सोडून दुसरा तिथं, आणखी खाली तिसरा. एका मणक्याचं मागच्या कमानीकडे जाणारं मूळच उरलं नव्हतं.

"परत घे, स्वाती."

"मॅडम, त्या हलल्या नाहीत. चित्र बरोबर आलं आहे."

"परत घे म्हटलं ना."

तिनं परत घेतलं. तेच आलं. मला आठवतं मी तिच्या खुर्चीची पाठ धरली होती. "चकत्या सगळ्या चांगल्या आहेत गं," मी म्हणाले. "एकही खाल्लेली नाही. स्वाती, एकही नाही." माझा आवाज कसा झाला होता मला माहीत नाही. स्वातीनं उठून मला तिच्या खुर्चीत बसवलं.

मी तोंड धुतलं आणि आत आले. यंत्राची फळी सरकून बाहेर आली. तू उठून बसलीस, कानातले बोळे काढलेस. मी काय बोलायचं ते जुळवत होते. रोज अनोळखी माणसांना बोलते, वाक्यं तयार असतात, पण तुझ्यासमोर एकही येईना. तेव्हा तूच विचारलंस.

"चकती कशी आहे?"

"शाबूत आहे, ताई."

इतकंच. दुसऱ्या कोणाला ही चांगली बातमी वाटली असती. बाहेर बाकावर बसलेल्या भाऊजींना वाटलीच. दारातून ऐकून ते लगबगीनं उभे राहिले. तू केस सोडलेस आणि परत बांधलेस. पिना एक एक करून लावल्यास.

"मग हा तो पाहुणा नाही," तू म्हणालीस. आणि मग, "जेवली काय तू?"

मी सुईसाठी भांडले. तू म्हणालीस, तुले तं समजलं आहे, मग सुई कायले? मी म्हणाले, आपल्या भागात टीबीसुद्धा कधी कधी असा येतो, चकती सोडतो, मागच्या कमानीत बसतो, दोन-तीन ठिकाणी उडी मारतो, मी पाहिलेला आहे, फोटोवर विश्वास ठेवून कोणालाही कॅन्सर ठरवायचा नसतो. सगळं खरं होतं. तू माझं सगळं ऐकून घेतलंस.

"तुह्या फोटो खोटा निघायले पायजे तुले."

"हो. पाहिजे."

"बरं. मार सुई."

यावेळी सुई मी घातली नाही, माझ्याच्यानं घालवली नसती. दुसऱ्या डॉक्टरनं घातली. फोटो खरा निघाला. कॅन्सर होता, स्तनातून पसरलेला. गाठ लहान होती. नागपूरच्या डॉक्टरांनी बोट लावून दाखवली.

आणि इथंच माझं तुझं खरं भांडण आहे, ताई, जे करायला मी आज बसले. ती गाठ. तुझा हात. गाईच्या पोटातल्या वासराचं डोकं कुठं आणि पाय कुठं ते तू अंधारात सांगायचीस. कासेतला गव्हाएवढा खडा तुझ्या बोटाला लागायचा आणि तू मालकाला म्हणायचीस, हा सड आत्ताच पाहा. त्या हाताला स्वतःच्या अंगातली गाठ लागली नाही यावर मी कसा विश्वास ठेवू? लागली होती ना? तुला कळलं होतं, आणि तरी तू त्या जुन्या गोळ्या आणल्यास, पाहुणा म्हणालीस, लसीकरण संपू दे म्हणालीस. की खरंच नव्हती लागली? बायका दुसऱ्यांचं सगळं चाचपतात आणि स्वतःला हात लावत नाहीत, तशी तूही? नागपूरच्या डॉक्टरांना मी विचारलं, त्या आठवड्यांनी काही फरक पडला असता का. ते म्हणाले, नाही, हाडात तो आधीच पोचला होता. मी मान डोलावली. घरी येऊन परत फोन करून तेच विचारलं.

तुला मात्र विचारलं नाही. दीड वर्ष मिळालं होतं. किरणांचे शेक झाले, गोळ्या लागू पडल्या, तू पुन्हा हिंडायला लागलीस. जीप नाही, पण दवाखान्यात खुर्ची टाकून बसायचीस आणि लोक ढोरं घेऊन यायचे. मी आले की तू दुसरंच काहीतरी काढायचीस. एकदा मी तोंड उघडलंही होतं. तू आंबाडीची भाजी निवडत होतीस. "ताई, तुला आधी—" इतकंच म्हटलं. तू वर पाहिलंस. रागानं नाही. दमलेल्या माणसासारखं. मी म्हणाले, "तुला आधी मीठ लागेल ना यात?" आणि तू म्हणालीस, "आधी नाही, शेवटी." मग आपण दोघी भाजी निवडत बसलो.

पायांतलं बळ गेल्यावर तू घरीच राहायचं ठरवलंस. भाऊजी तुला उचलून ओट्यावर आणायचे. त्यांच्या भाकरी आता गोल यायच्या. तुळसा यायची, पायाला तेल लावायची, तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटायची. तुला ती भाषा थोडी येत होती, मला कधीच कळली नाही. तू गेलीस त्या सकाळी मी रस्त्यात होते. घरी पोचले तेव्हा अंगणात लोक जमले होते आणि कोणाच्या तरी दोन गाई कुंपणाला बांधलेल्या होत्या. त्यांच्या मालकाला कोणी सांगितलंच नव्हतं. तो बिचारा सकाळी तुझ्याकडे औषधाला आला होता.

तेव्हापासून रोज दुपारी मी दवाखान्यात जाऊन तुझा दुसरा फोटो उघडते. सुईचा निकाल माहीत आहे, तू गेलीस हे माहीत आहे, तरी मी एकेक चकती मोठी करून तिची कड बघते. काय सापडायचं आहे मला? सापडलं तरी काय होणार?

परवा माझीच पाठ धरली. चटईवर बसून बसून झालं असेल. स्वाती म्हणाली, मॅडम, यंत्र रिकामं आहे, करून घ्या. मी आडवी झाले. इतक्या वर्षांत मी त्या यंत्रात कधी गेले नव्हते. नळीचं छत नाकाला लागेल इतकं जवळ येतं. ठोके सुरू होतात, थांबतात, आणि थांबले की फार शांत होतं. अशा एका शांततेत मला स्वातीचा आवाज ऐकू आला. ती कोणाला तरी फोनवर सांगत होती की येताना कोथिंबीर आण. हेडफोनमधून स्पष्ट.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "बाहेरचं बोलणं आत ऐकू येतं?"

"बोलायचं बटण दाबलं तरच, मॅडम. पण आपलं बटण चिकटते कधी कधी. दाबलेलंच राहते."

"कधीपासून?"

तिला आठवेना. दोन वर्षं असतील, म्हणाली, जास्तही असतील. मग ती माझ्याकडे बघून ते बटण बोटानं उचकायला लागली. तिलाही तो दिवस आठवला असणार.

माझ्या पाठीत काही नाही, ताई. वयाप्रमाणे झिजलेल्या चकत्या. पण परवापासून मी हेच धरून बसले आहे. त्या दिवशी बटण चिकटलेलं होतं का? परत घे म्हणाले ते तू ऐकलंस का? चकत्या चांगल्या आहेत म्हणत मी ज्या आवाजात बोलले, तो तुझ्या कानात पोचला का? पोचला असेल तर तू आत पडल्या पडल्याच सगळं समजून गेली होतीस. तरी बाहेर येऊन तूच विचारलंस. माझ्या तोंडून वाक्य निघत नाही हे बघून मला सोपा प्रश्न दिलास, ज्याचं उत्तर दोन शब्दांत देता येईल असा. आणि लगेच जेवली काय म्हणालीस, म्हणजे मला तुझ्यासमोर उभं राहावं लागू नये.

की बटण नीट होतं, आणि तुला खरंच काही माहीत नव्हतं, आणि तू मनातून घाबरून विचारलं होतंस? मग मी किती कोरडं उत्तर दिलं.

तू असतीस तर म्हणाली असतीस, नंदे, झालं ते झालं, कायले उकरून राह्यली? मी उकरणार. माझं काम तेच आहे, सावलीवरून आतलं ओळखायचं, आणि तुझ्या बाबतीत ते मला आलं नाही. आभार मानायचे होते ते राहिले. त्या सोप्या प्रश्नाचे, तो माझ्यासाठी विचारलेला असलाच तर.

आत पडून मी डोळे मिटून घेतले होते. बहुतेक सगळेच मिटतात. तू मिटले होतेस, ताई, की उघडे ठेवले होतेस?